समुद्रफुलाच्या पोटातला पाहुणा

कोपेपॉड हा कोळंबी आणि खेकड्याच्या गोतातला, पण डोळ्यांना जेमतेम दिसणारा जीव आहे. बहुतेक जातींची लांबी अर्ध्या मिलिमीटरपासून दोन-तीन मिलिमीटरपर्यंत असते. नाव ग्रीक आहे: वल्ह्यासारखे पाय असलेला. पोहताना प्रत्येक जोडीतले दोन्ही पाय वल्ह्यांसारखे एकदम मागे मारले जातात. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आंरी मिल्न-एडवर्ड्स यांनी १८४० मध्ये या गटाला हे नाव दिले. अरबी समुद्रात बारीक विणीचे जाळे ओढले तर वर येणाऱ्या तरंगत्या प्राण्यांत बहुधा यांचीच संख्या सर्वांत जास्त भरते. तारली आणि बांगड्याच्या आहारात त्यांचा मोठा वाटा आहे, म्हणजे किनाऱ्यावरच्या घराघरातल्या कालवणापर्यंत हा जीव अप्रत्यक्षपणे पोचलेला आहे.

आजवर वर्णन झालेल्या कोपेपॉडांच्या जाती बारा हजारांहून अधिक आहेत. त्यांतल्या पुष्कळशा जाती मोकळ्या पाण्यात राहतच नाहीत. माशाचे कल्ले, प्रवाळ, शंख-शिंपले, समुद्रकाकडी अशा दुसऱ्या प्राण्यांच्या अंगावर किंवा अंगात त्यांचे आयुष्य जाते. त्यांच्या यजमानांपैकी सर्वांत नवलाचा यजमान म्हणजे समुद्रफूल. पालघर जिल्ह्यात तारापूरपासून वरोर-वाढवणपर्यंत बेसाल्टचे काळे कातळ समुद्रात शिरलेले आहेत. ओहोटीला त्यांच्या खाचांत आणि डबक्यांत समुद्रफुले दिसतात. पाण्यात असताना ती शेवंतीसारखी उमललेली असतात. पाणी उतरले की मिटून चिखलाच्या गोळ्यासारखी होतात. अँथोप्लुरा या प्रजातीतली फुले तर अंगावरच्या चिकट पुटकुळ्यांना वाळूचे कण आणि शिंपल्यांचे तुकडे लावून घेतात. पाय पडेपर्यंत तिथे काही जिवंत आहे याची शंकाही येत नाही.

फूल म्हटले तरी समुद्रफूल हा मांसाहारी प्राणी आहे. भोवतालच्या शुंडकांवर दंशपेशी असतात, मध्यभागी एकच तोंड असते आणि तोंडाखाली एकच पोकळी. ही पोकळी उभ्या पडद्यांनी संत्र्याच्या फोडींसारखी विभागलेली असते, आणि या पडद्यांच्या कडांवरच भक्ष्याचे पचन होते. एवढ्या धोक्याच्या घरात कोपेपॉड तीन तऱ्हांनी राहतात. काही शुंडकांवर आणि बाहेरच्या अंगावर हिंडतात. काही तोंडावाटे आत जाऊन पोकळीत वस्ती करतात. काही थेट पडद्यांच्या मांसात शिरतात. तिथे गाठ येते आणि त्या गाठीत मादी आयुष्य काढते. या शेवटच्या गटातल्या मादीला ना धड पाय उरतात ना शरीराचे खंड. ती अंड्यांनी भरलेली मऊ पिशवी होते, आणि नर तिच्या तुलनेत इतका लहान असतो की तो वेगळा प्राणी आहे हे ओळखायलाही सराव लागतो.

अशा बेढब जीवाला कोपेपॉड म्हणून ओळखायलाच शास्त्राला बराच काळ लागला. १७५८ मध्ये लिनिअसने माशांवर सापडणाऱ्या लर्निया या परजीवीची नोंद कृमींच्या वर्गात केली होती. प्रौढ मादी पाहिली तर तो निर्णय चुकीचा वाटत नाही. उलगडा झाला तो पिल्लांवरून. अलेक्झांडर फॉन नॉर्डमन यांनी १८३२ मध्ये अशा परजीवींच्या अंड्यांतून बाहेर पडणाऱ्या अळ्यांची वर्णने छापली. तीन जोड्या पायांची, एका डोळ्याची ही अळी मोकळ्या पाण्यातल्या कोपेपॉडांच्या अळीसारखीच होती. आईने आपले रूप टाकले होते, पिल्लाने ते जपून ठेवले होते. तेव्हापासून परजीवी कोपेपॉडांच्या अभ्यासात अळीला आणि लहान वयातल्या अवस्थांना मोठे महत्त्व आले.

समुद्रफुलाच्या आतल्या पाहुण्याची पहिली दखल यानंतर बारा वर्षांनी घेतली गेली. १८४४ मध्ये जर्मनीतील विल यांनी स्टॉरोसोमा या नावाने अशा एका परजीवीचे वर्णन केले. नावाचा अर्थ क्रुसाच्या आकाराचे शरीर. १८५७ मध्ये नॉर्वेच्या मायकेल सार्स यांनी बोलोसेरा या थंड पाण्यातल्या मोठ्या समुद्रफुलात अँथिआकेरेस ड्युबेनी ही जाती नोंदवली. १९०६ मध्ये किदोर यांनी मेसोग्लिकोला प्रसिद्ध केली. साठ वर्षांत हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढी नावे, आणि तीही सगळी युरोपच्या किनाऱ्यावरची. याला कारण आहे. माशाचे कल्ले बाजारात आपोआप समोर येतात. समुद्रफूल मात्र मुद्दाम खडकावरून काढून, मुद्दाम चिरून पाहावे लागते, आणि ते फारसे कुणी खात नसल्याने या कामासाठी कोणी पैसे देत नाही.

मुंबईच्या किनाऱ्यावरही सुरुवात माशांपासूनच झाली. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी स्थापन झाली. तिचे मानद सचिव हर्बर्ट फिप्सन व्यवसायाने मद्यविक्रेते होते; त्यांच्या काळात सोसायटी शिकारी, डॉक्टर, रेल्वेचे अधिकारी आणि खलाशी अशा हौशी निरीक्षकांचे केंद्र बनली. ब्रिटिश नौदलातले डॉक्टर पर्सी बॅसेट-स्मिथ यांनी १८९८ मध्ये लंडनच्या एका प्राणिशास्त्रीय मासिकात मुंबईच्या माशांवर सापडलेल्या नव्या परजीवी कोपेपॉडांवर लेख छापला. शहरात तेव्हा प्लेगची साथ चालू होती. त्या वर्षीच्या त्यांच्या लेखांतून पुढे आलेल्या जातींची नावेच किनाऱ्याची मासळी सांगतात: शिंगाळ्याच्या एरिअस या प्रजातीवरून कॅलिगस एराय, सुरमईच्या तेव्हाच्या सायबिअम या नावावरून कॅलिगस सायबाय, रावसाच्या पॉलिनेमस या नावावरून लर्नीनिकस पॉलिनेमाय. कॅलिगस फिप्सोनाय ही जाती मात्र सोसायटीच्या सचिवांच्या नावाने ओळखली जाते. मद्यविक्रेत्याचे नाव माशाच्या अंगावरच्या परजीवीला मिळाले, आणि शास्त्राच्या रिवाजात हा मोठा सन्मान आहे.

या वर्णनांत एक उणीव आहे, आणि पालघरच्या दृष्टीने ती महत्त्वाची आहे. लेखाच्या शीर्षकातच ठिकाण ‘मुंबई’ असे आहे. पण मुंबईच्या बाजारात येणारा मासा एकट्या मुंबईच्या पाण्यातला कधीच नसे. १८६४ मध्ये बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेचा मार्ग सुरतेहून मुंबईत पोचला आणि पालघर, बोईसर, डहाणू हा पट्टा शहराला जोडला गेला. होड्यांची वाहतूक तर त्याच्याही आधीपासूनची. सातपाटीचे पापलेट, डहाणूकडचा बोंबील आणि घोळ शहरातल्या टोपलीत पडले की त्यांचा गाव पुसला जाई. शिवाय रावस आणि सुरमई हे फिरते मासे. आज वसईसमोर दिसले तर काही दिवसांनी गुजरातच्या बाजूला सापडतील. तेव्हा बाजारातल्या माशावरून वर्णन केलेल्या जातीचा पत्ता फार तर एखाद्या समुद्राचा असतो, एखाद्या गावाचा नसतो. समुद्रफुलाचे तसे नाही. ते एकदा खडकाला चिकटले की बहुधा तिथेच राहते. त्याच्या पोटातल्या पाहुण्याचा पत्ता गाव, खडक आणि डबके एवढ्या बारकाईने लिहिता येतो.

विसाव्या शतकात हिंदी समुद्रातल्या कोपेपॉडांचा पाया घातला तो रॉबर्ट बेरेसफर्ड सीमोर स्युअल यांनी. ते सैन्यातल्या वैद्यकीय सेवेतून आले आणि १९२५ ते १९३३ या काळात झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे संचालक होते. भारतीय समुद्रातल्या तरंगत्या कोपेपॉडांवरचा त्यांचा ग्रंथ इंडियन म्युझियमच्या ग्रंथमालेत १९२९ आणि १९३२ मध्ये दोन भागांत निघाला. त्यानंतर १९३३-३४ मध्ये ‘माबाहिस’ या इजिप्शियन जहाजावरून निघालेल्या जॉन मरे मोहिमेचे नेतृत्व त्यांनी केले आणि अरबी समुद्र पालथा घातला. या मोहिमेच्या अहवालमालेत १९४९ साली त्यांनी किनाऱ्यालगतच्या आणि अर्धपरजीवी कोपेपॉडांवर स्वतंत्र प्रबंध लिहिला. मोकळे पोहणारे आणि पूर्ण परजीवी यांच्यामधल्या, यजमानाला धरून राहणाऱ्या जातींना त्यात प्रथमच नीट जागा मिळाली. आजही या भागात सापडलेला कोपेपॉड नवा आहे की नाही हे ठरवताना स्युअलच्या आकृत्या समोर ठेवाव्या लागतात.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत काम पुन्हा माशांकडे वळले. १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले आणि त्याला जोडून सागरी जीवशास्त्राच्या संशोधनाचीही सोय झाली. तारापोरवाला हे पारशी आडनाव तारापूर गावावरूनच पडलेले. जिल्ह्यातल्या गावाचे नाव या विषयाशी असे आडवाटेने जोडले गेले आहे. १९५०च्या दशकात एम. पी. रांगणेकर यांनी मुंबई विद्यापीठाच्या नियतकालिकात मुंबईच्या समुद्री माशांवरील परजीवी कोपेपॉडांवर निबंध लिहिले. बॅसेट-स्मिथनंतर अर्ध्या शतकाने हे काम स्थानिक अभ्यासकाच्या हाती आले. जुनी वर्णने बरीच त्रोटक होती. ती नव्या नमुन्यांशी ताडून पाहणे हे नवी नावे देण्याइतकेच गरजेचे होते.

पाहुणा ओळखण्याआधी घर ओळखावे लागते. समुद्रफुलांच्या बाबतीत हे काम महाराष्ट्रात अरुण परुळेकर यांनी केले. मुंबईच्या समुद्रफुलांवरचा त्यांचा निबंध १९६८ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्या वर्षी वर्णन झालेल्या अँथोप्लुरा पणिक्करी या नव्या जातीला त्यांनी एन. के. पणिक्कर यांचे नाव दिले. पणिक्कर यांनी तरुणपणी मद्रासच्या मचूळ पाण्यातल्या समुद्रफुलांचा अभ्यास केला होता आणि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे ते पहिले संचालक झाले. १९६९ मध्ये परुळेकरांनी याच नियतकालिकात निओएप्टेशिया कमेन्सली ही नवी प्रजाती आणि जाती मांडली. हे समुद्रफूल शंखात राहणाऱ्या खेकड्याच्या घरावर बसून प्रवास करते. म्हणजे इथे समुद्रफूल स्वतःच पाहुणे आहे. त्याच्या अंगात कोपेपॉड सापडला तर तो पाहुण्याचा पाहुणा ठरेल. परुळेकर पुढे गोव्यातल्या याच राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत गेले, १९८१-८२ च्या पहिल्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेत सहभागी झाले आणि सहाव्या मोहिमेचे नेते झाले. बर्फाच्या खंडावर नाव झालेल्या या शास्त्रज्ञाची सुरुवातीची नावाजण्यासारखी कामगिरी मुंबईच्या चिखलट खडकांवरची आहे, आणि ती आहे त्याहून जास्त लोकांना ठाऊक असायला हवी.

तारापूरचा खडक शास्त्रज्ञांच्या रोजच्या देखरेखीखाली आला तो वेगळ्याच कारणाने. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी तारापूर अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून व्यापारी वीजनिर्मिती सुरू झाली. केंद्राला थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेतले जाते आणि किंचित गरम होऊन ते पुन्हा समुद्रात जाते. पुढे प्रत्येकी ५४० मेगावॅटच्या आणखी दोन अणुभट्ट्या आल्या: चौथी २००५ मध्ये, तिसरी २००६ मध्ये. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना आपली जागा सोडावी लागली. केंद्राच्या पर्यावरण प्रयोगशाळेत किनाऱ्यावरचे मासे, शिंपले, शेवाळ गोळा होत राहिले, पण हेतू किरणोत्सार मोजण्याचा. त्यासाठी नमुना वाळवतात, जाळून त्याची राख करतात आणि राखेतले किरणोत्सारी द्रव्य मोजतात. जाती ठरवण्यासाठी नमुना अखंड हवा. एकाच खडकावरून दोन शास्त्रांनी नमुने उचलले तरी एकाच्या कामाचा उपयोग दुसऱ्याला होतोच असे नाही.

तरी वीजकेंद्रांमुळे समुद्रफुलांच्या अभ्यासाला एक वळण मिळाले. पाणी आत घेणाऱ्या नळांच्या आतल्या भिंतींवर बार्नेकल, शिंपले आणि समुद्रफुले धरतात आणि पाण्याची वाट अडते. ही अडचण इंजिनिअरांची असल्याने तिच्यावर खर्च करायला कोणाची हरकत नव्हती. सागरी जीवांची ही वाढ आणि वीजकेंद्रे या विषयावर १९९० मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्राने एक निबंधसंग्रह काढला. त्यात परुळेकरांनी भारतातल्या समुद्रफुलांचा आढावा घेतला. जाती सुमारे ४० भरल्या. भारतीय समुद्रफुलांवर पुढे काम करणाऱ्याला नळ तुंबण्यावरच्या या पुस्तकाकडे वळावेच लागते.

समुद्रफुलातल्या कोपेपॉडांचा शास्त्रशुद्ध आढावा याआधीच अमेरिकेत पुरा झाला होता, आणि त्याचे मूळ हिंदी महासागरातच होते. १९६०च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत आर्थर ह्यूम्स यांनी मादागास्करजवळच्या नोसी-बे बेटावर तळ ठोकला. बोस्टन विद्यापीठातले हे प्राध्यापक प्रवाळ, समुद्रफुले, समुद्रकाकड्या असे यजमान एकेक करून धुवून काढत आणि तळाशी बसलेल्या गाळातून कोपेपॉड वेचत. शेकडो नव्या जाती त्यांच्या नावावर आहेत. १९८२ मध्ये त्यांनी समुद्रफुले आणि समुद्रफुलांसारख्या प्राण्यांशी संबंधित कोपेपॉडांचा १२० पानांचा आढावा प्रसिद्ध केला. १८४४ पासूनच्या विखुरलेल्या नोंदी त्यात प्रथमच एकत्र वाचायला मिळाल्या. युरोपच्या थंड किनाऱ्यावरचे कुतूहल वाटणारा हा प्रकार उष्ण समुद्रात किती सर्रास आहे, हे ह्यूम्स यांच्या कामाने दाखवून दिले.

आजही अशा जातीचे वर्णन बहुतांशी ह्यूम्स यांच्याच पद्धतीने होते. उत्तर कोकणात अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती दुपारी बारा-एकच्या सुमाराला येते. त्यामुळे सर्वांत मोठी ओहोटी, म्हणजे कोळ्यांची सुकती, सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या आसपास लागते. खालचा कातळ उघडा पडतो तो तास-दीड तासच. समुद्रफूल ओढून काढले तर तळवा खडकावर राहतो आणि अंग फाटते, म्हणून पातळ पात्याने तळव्याखालून हळूहळू सोडवतात. प्रत्येक फूल वेगळ्या बरणीत, त्याच्या डबक्याच्या पाण्यासकट ठेवतात. दोन फुले एका बरणीत घातली आणि कोपेपॉड बाहेर पडला, तर तो कोणाच्या पोटातला हे मग कोणालाच सांगता येत नाही.

प्रयोगशाळेत आधी फुलाला गुंगी देतात. मॅग्नेशियम क्लोराइडच्या द्रावणात ते हळूहळू सैल पडते आणि शुंडके पसरतात. थेट अल्कोहोलमध्ये टाकले तर मिटून कडक होते आणि आतले काहीच पाहता येत नाही. मग समुद्राच्या पाण्यात सुमारे पाच टक्के अल्कोहोल मिसळून त्यात ते हलवून धुतात. बाहेर आणि पोकळीत राहणारे कोपेपॉड या पाण्यात सुटे होतात. बारीक जाळीतून गाळून ते सूक्ष्मदर्शकाखाली वेचतात. मांसातल्या गाठीतले मात्र असे हाती लागत नाहीत. त्यासाठी फूल उभे चिरून प्रत्येक पडदा उजेडात धरून पाहावा लागतो. पांढरट, तांदळाच्या कणीसारखा फुगवटा दिसला की तो अलगद सोडवतात. पुष्कळदा ती फुलाचीच अंडी निघतात.

कोपेपॉड पारदर्शक होण्यासाठी लॅक्टिक आम्लात ठेवतात. १९६४ मध्ये ह्यूम्स आणि गुडिंग यांनी त्यासाठी एक साधी युक्ती प्रसिद्ध केली: लाकडाची पातळ पट्टी, तिला मध्ये एक भोक, भोकावर काचेचे झाकण आणि झाकणाच्या खालच्या अंगाला लोंबणारा आम्लाचा थेंब. थेंबातला प्राणी सुईने हवा तसा वळवता येतो आणि चिरडत नाही. कोणत्याही सुताराकडून करून घेता येईल असे हे साधन जगभरच्या कोपेपॉड अभ्यासकांनी उचलले. यानंतर स्पर्शिका, जबड्यांचे अवयव, पोहण्याच्या पायांच्या जोड्या, शेपटीचे फाटे हे सगळे बारीक सुयांनी सुटे करतात आणि प्रत्येकाची रेखाकृती काढतात. पायाच्या प्रत्येक पेरावर काटे किती आणि केस किती, हे एका सूत्रात मांडतात. काट्यांसाठी रोमन आकडे, केसांसाठी साधे. दोन जवळच्या जातींतला फरक कधी कधी तिसऱ्या पायाच्या शेवटच्या पेरावरच्या एका काट्यापुरताच असतो. हे काम करणाऱ्याची पाठ आणि डोळे दोन्ही झिजतात. अलीकडे जनुकांचा क्रमही तपासतात. त्यासाठी काही नमुने सुरुवातीपासूनच तीव्र अल्कोहोलमध्ये ठेवावे लागतात, कारण फॉर्मॅलिनमध्ये डीएनए खराब होतो. समुद्रफुलाच्या शरीररचनेसाठी मात्र फॉर्मॅलिनच चांगले. म्हणून यजमान आणि पाहुणा यांची रवानगी पुष्कळदा वेगवेगळ्या द्रावणांत होते.

नाव देण्याचे नियम आंतरराष्ट्रीय प्राणिनामसंहितेत दिलेले आहेत. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. २००० सालापासून नव्या जातीसाठी मूळ नमुना किंवा मूळ नमुन्यांचा संच स्पष्टपणे नेमणे सक्तीचे आहे. कोपेपॉडांत तो बहुधा प्रौढ मादीचा असतो. हा नमुना जिथे सापडला तेच त्या जातीचे मूळ ठिकाण. गावाचे नाव द्यायचे असेल तर त्याला सहसा लॅटिन प्रत्यय लागतो आणि तो प्रजातीच्या लिंगाशी जुळवावा लागतो. याचे उदाहरण शेजारीच आहे. १९९३ मध्ये डेन हार्टोग आणि वेन्नम यांनी भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या समुद्रफुलांवरील निबंधात बुनोडोसोमा गोआनेन्सिस ही जाती मांडली. पण ‘सोमा’ हा ग्रीक शब्द नपुंसकलिंगी असल्याने शुद्ध रूप गोआनेन्से ठरते. आज दोन्ही रूपे लेखांत भेटतात. तारापूरच्या नावाने एखादी जाती आली तर ती तारापूरेन्सिस होईल की तारापूरेन्से, हे असे व्याकरणच ठरवील.

ज्या किनाऱ्यावर हे काम करायचे तो मात्र झपाट्याने बदलला आहे. बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत रंग, रसायने, औषधे, कापड आणि पोलाद यांचे कारखाने आहेत, आणि प्रक्रिया केलेले सांडपाणी नवापूरजवळ समुद्रात सोडले जाते. या पाण्याने खाड्या आणि मासेमारी बिघडल्याची तक्रार घेऊन अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. उत्तरेला वरोरसमोर वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. ७६ हजार २२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पात १,४४८ हेक्टर समुद्र भरून जमीन करायची आहे. मासा बुजला तर दूर जातो. समुद्रफूल जागा सहजी सोडत नाही, आणि त्याच्या पडद्यातली मादी तर त्याच्याबाहेर जगूच शकत नाही. कातळाच्या एका पट्ट्यावर भराव पडला तर यजमान आणि पाहुणा एकाच वेळी जातात. त्या पट्ट्यावरचे जीव आधी नोंदवलेले नसतील तर काय गेले हे सांगायलाही मागे काही उरत नाही. एरवी निवांत वाटणाऱ्या या विषयाला उत्तर कोकणात घाई आहे ती यामुळे.

२००२च्या जैवविविधता कायद्याच्या ३९व्या कलमानुसार भारतात सापडलेल्या नव्या जातीची माहिती शासनाने नेमलेल्या संग्रहालयाला कळवणे आणि तिचे नमुने तिथे जमा करणे बंधनकारक आहे. प्राण्यांच्या बाबतीत झूऑलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडिया ही अशी एक संस्था आहे. तिचे पश्चिम विभागाचे केंद्र १९५९ पासून पुण्यात आहे. कोपेपॉडाची नळी करंगळीएवढी असते. आत अल्कोहोल, तळाशी दिसेल न दिसेल असा ठिपका आणि त्याच्यासोबत कागदाची एक चिठ्ठी. चिठ्ठी पेन्सिलने लिहितात, कारण साधी शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. तिच्यावर जिल्हा, तालुका, गाव, कातळाची जागा, अक्षांश-रेखांश, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि यजमानाचा क्रमांक असतो. शेजारच्या मोठ्या बरणीत तोच क्रमांक घेऊन ते समुद्रफूल ठेवलेले असते.